पोकरच्या लायसनसाठी हँकला जावं लागलं

सात वर्षं मी हँक नावाचा अमेरिकन माणूस होते. वय चौसष्ट, कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी करून निवृत्त, डावा गुडघा दुखरा, घरी एक बहिरा कुत्रा. हँकला मी नाशिकच्या इंदिरानगरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून एका दुपारी तयार केलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, कामाला लागून पंधरा दिवस झाले होते आणि पत्त्यांतलं मला फक्त बदाम सात येत होतं. तेही शाळेच्या सहलीत शिकलेलं, कारण आमच्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आलाच नाही.

हे छापायला द्यावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. पण ज्या कामात इतकी वर्षं गेली ते नेमकं काय होतं, हे एकदा आपल्या भाषेत लिहून बघावंसं वाटलं. माझी शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी. घाबरायला मात्र मला मराठीच लागते, आणि या गोष्टीत मी बरीच घाबरले आहे.

आधी धंदा सांगते. शिर्डीला आलेले पाहुणे गाडी करून फिरायला निघतात. ड्रायव्हर सहज म्हणतो, येवला जवळच आहे, पैठणी बघायची का? पाहुणे दुकानात शिरतात, साडी घेतात, आणि नंतर दुकानदार ड्रायव्हरच्या हातावर काहीतरी ठेवतो. इंटरनेटवर हेच करणाऱ्याला अफिलिएट म्हणतात. आम्ही तो ड्रायव्हर. आमची गाडी म्हणजे एक वेबसाइट, पाहुणे म्हणजे अमेरिकेत घरी बसून मोबाइलवर पोकर खेळू बघणारे लोक, आणि दुकानं म्हणजे तो खेळवणाऱ्या कंपन्या. कुठली कंपनी बरी, कुठे जिंकलेले पैसे लवकर हातात पडतात, नवीन माणसाला कुठे सवलत आहे, हे आम्ही लिहायचं. वाचणाऱ्याने आमच्या पानावरचं बटण दाबून तिकडे खातं उघडलं की आमचं कमिशन सुरू. पोकरमध्ये लोक एकमेकांशी खेळतात. कंपनी प्रत्येक डावातून थोडा कट काढून घेते आणि त्या कटातला एक तुकडा आमचा, तो माणूस खेळत राहील तोपर्यंत.

ड्रायव्हरचं सगळं त्याच्या बोलण्यावर असतं. आमचे मालक शैलेश सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "नुसती माहिती कोण वाचतो? माणूस पाहिजे. ज्याच्या शेजारी बसून बिअर प्यावीशी वाटेल असा." बिअर मी कधी प्यायले नव्हते, पण माणसं बघायची मला सवय आहे. हँकचा गुडघा मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडून घेतला, बोलण्याची ढब मम्मीच्या मोठ्या मामांकडून, आणि फोटो सरांनी विकत आणला.

हँक लोकांना आवडला. त्याला मासे पकडायला येण्याची आमंत्रणं आली, कुत्र्याच्या कानासाठी औषधं सुचवली गेली. एका गृहस्थांनी लिहिलं की हँक त्यांना चांगला आठवतो. एका नाताळात त्याने त्यांना तीन राण्या वाटल्या होत्या आणि त्या डावातून त्यांनी बायकोसाठी शिवणयंत्र घेतलं होतं. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वेबसाइटची तांत्रिक बाजू सांभाळणारी रुबीना माझ्या शेजारी बसते. ती म्हणाली, "आठवतंय म्हणून टाक ना. म्हातारा खूश होईल." मला तेवढं धाडस झालं नाही. गुडघ्याबरोबर माझी स्मरणशक्तीही गेली आहे, असं मी लिहिलं आणि विचारलं, शिवणयंत्र अजून चालतं का? चालत होतं.

घरी मी 'कंटेंट रायटिंग' असं सांगितलं होतं. पिंपळगावच्या काकूंनी त्याचं 'टायपिंग' केलं आणि नातेवाइकांत तेच रूढ झालं. मी दुरुस्त केलं नाही. मग आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर कायद्याने बंदी आली. भारतातल्या वाचकांसाठी आमची रमीची एक साइट होती, ती एका दुपारी बंद झाली आणि एकोणीस जणांचे आम्ही नऊ उरलो. अमेरिकेच्या साइटसाठी सरांनी वकिलाचा लेखी सल्ला घेतला आणि ती भारतातल्या लोकांना उघडणारच नाही अशी व्यवस्था केली. माझं रोजचं काम माझ्याच शहरात कुणाला दिसत नव्हतं. मला ते सोयीचं होतं.

अमेरिकेत पोकरचा कायदा प्रत्येक राज्यात वेगळा. तिथल्या एका राज्यात ऑनलाइन पोकर कायदेशीर करण्याचं बिल आलं. राज्याचं नाव लिहीत नाही, कारण नंतर ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांत गोपनीयतेचाही एक होता. तोपर्यंत तिथले लोक परदेशातून चालणाऱ्या, त्या राज्याचं लायसन नसलेल्या साइटवर खेळायचे. त्यांना तिथे नेऊन सोडणारा ड्रायव्हर आमचा हँक.

बिलावरचं मतदान आम्ही ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर बघितलं. इंदिरानगरातल्या नऊ माणसांना त्या राज्याच्या आमदारांची नावं पाठ झाली होती. सर मॅच बघितल्यासारखे बोलत होते. "तो निळा टायवाला बघा. तो आपला. तो उठला की झालं काम." निळा टायवाला उठला आणि विरोधात बोलला. तरी बिल पास झालं. रुबीनाने समोरच्या दुकानातून गरम जिलेबी मागवली आणि कीबोर्ड पाकात भरला.

एवढा आनंद कशाचा, हे बाहेरच्याला कळायचं नाही. ज्या दिवशी राज्य उघडतं, त्या दिवशी तिथली हजारो माणसं एकच प्रश्न टाइप करतात: आता कुठे खेळू? ज्याचं पान तेव्हा वर दिसतं तो पुढे कितीतरी वर्षं त्यावर जगतो. त्या राज्यासाठी हँकचं पान तेव्हा पहिल्या नंबरला होतं. सात वर्षं कोपऱ्यात बसून लिहिलेलं काहीतरी एवढ्या मोठ्या घटनेच्या तोंडाशी उभं होतं.

मग नियम आले. सरांनी ते मला वाचायला दिले, कारण सलग चाळीस पानं वाचणारी ऑफिसात मी एकटी. मी वाचत गेले आणि माझा उत्साह पानागणिक बदलत गेला. दुकानांना लायसन लागणार हे माहीत होतं, पण ड्रायव्हरलाही बिल्ला लागणार होता. आम्ही राज्याकडे नोंदणी करायची. नोंदणी हवी तर बिगर लायसनच्या एकाही साइटकडे आमच्याकडून वाट जाता कामा नये, तीसुद्धा अर्ज करण्याच्या आधीपासून. कटातला वाटा घ्यायचा तर मोठं लायसन, जे आम्हाला परवडणारं नव्हतं. साध्या नोंदणीवर नवीन खात्यामागे एकदाच ठरलेली रक्कम. आणि शेवटी, मालक व मजकुराला जबाबदार असणारी व्यक्ती, दोघांची खरी नावं, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला.

सर दोन दिवस हिशेबाची वही घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं.

"आज आपलं घर त्या परदेशी साइटवर चालतं," ते म्हणाले. "अर्ज करायचा तर त्या सगळ्या आजच सोडायच्या. दोन्ही ताटांत जेवता येणार नाही. आपल्यासारखे बाकीचे म्हणतायत, लायसन कशाला, चाललंय ते बरंय. मी अर्ज करतोय. नऊ जणांचे पाच महिने निघतील एवढं आहे माझ्याकडे. पाच महिन्यांत मंजुरी आली नाही तर ऑफिस बंद. ज्याला दुसरीकडे बघायचंय त्याने आत्ताच बघा, मी रागावणार नाही."

कुणी उठलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "मजकुराला जबाबदार म्हणून तुझं नाव टाकतोय, केतकी."

"हँकचं टाकलं तर?"

"हँकच्या बोटांचे ठसे कुठून आणू?"

मी एक दिवस मागून घेतला. खरं तर मला नाही म्हणायचं होतं. नोंदणी झालेल्यांची यादी राज्याच्या साइटवर कुणालाही बघता येते. माझ्या नावाने शोधलं की पोकर सापडणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. रुबीना म्हणाली, "माझं नाव असतं ना, तर मी फ्रेम करून लावलं असतं." पण हँकचा शब्द न् शब्द माझा होता. माझ्या जागी दुसऱ्या कुणी सही केली असती तर ते आणखी एक खोटं झालं असतं, आणि आठ जणांची नोकरी त्यावर उभी राहिली असती. मी हो म्हटलं.

पोलिसांचं काम म्हटल्यावर पप्पांनी मला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. पप्पा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत अडत्या आहेत. शेतकऱ्याचा कांदा लिलावात उभा करून विकून देणं आणि त्यावर अडत घेणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांना वाटलं, मला परदेशात नोकरी लागतेय आणि मी सांगत नाहीये. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

ठसे घेणारे हवालदार वयस्कर होते. काचेवर शाईचा रूळ फिरवत म्हणाले, "बोट सैल सोडा ताई. फिरवायचं काम माझं. तुम्ही फिरवलं की डाग होतो." चार बोटं झाल्यावर त्यांनी माझा अर्ज डोळ्यांजवळ नेला. "कारण काय लिहिलंय हे? गेमिंग. म्हणजे क्रिकेट का?"

"नाही. पोकर."

"पत्त्यांचं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. "साहेब, अड्ड्यावर धरून आणलेल्यांचे ठसे घेण्यात नोकरी गेली माझी. पत्त्यांसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला आलेलं हे पहिलंच माणूस बघतोय." मग पाचवं बोट हातात घेऊन म्हणाले, "सैल सोडा ताई. आता तर लय कडक झालं."

परत येताना पप्पांनी रसवंतीपाशी गाडी थांबवली, मला हात धुवायला. शाई निघत नव्हती.

"टायपिंग म्हणत होतीस."

"मी नाही म्हणाले. काकू म्हणाल्या."

"तू नाही पण नाही म्हणालीस."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे त्याच क्रमाने, हँकसकट. त्यांनी रसाचा ग्लास हातात तसाच धरून ऐकलं.

"म्हणजे दलाली," ते म्हणाले.

"हो."

"दलालीचं काही नाही. मी पण तेच खातो. पण मला सांग, एवढे दिवस तू माणसं ज्यांच्याकडे पाठवत होतीस, त्यांच्याकडे लायसन होतं?"

"तिथलं नव्हतं."

"आमच्याकडे असे येतात दर साली. भाव लय चांगला देतात. पहिले दोन ट्रक रोख. तिसरा ट्रक भरून गेला की फोन बंद. आणि ज्याने शेतकऱ्याला त्याच्याकडे नेलेलं असतं ना, तो म्हणतो, माझा काय संबंध, मी तर नुसती ओळख करून दिली."

हँकलाही असे मेल आले होते. तू सांगितलंस म्हणून तिथे खेळलो, आता जिंकलेले पैसे अडकलेत, चार महिने झाले. हँकने प्रत्येकाला गोड शब्दांत कंपनीच्या मदत विभागाचा पत्ता दिला होता. फार तक्रारी आल्या तेव्हा आम्ही ती कंपनी पानांवरून काढून टाकली. अडकलेल्यांचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. हे पप्पांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मी राहू दिलं.

"सही करणार आहेस?"

"हो."

"मग आहे तसं लिही. अर्धं लिहून लायसन मिळतं, टिकत नाही." गाडीत बसताना म्हणाले, "मम्मीला मी सांगतो. तू मधे पडू नको, तुला धड सांगता येणार नाही."

त्यानंतर रुबीना आणि मी साइट धुवायला घेतली. परदेशी साइटचं नाव असलेलं प्रत्येक वाक्य शोधायचं आणि काढायचं. हँकची कितीतरी चांगली वाक्यं त्यात गेली. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल. पानावरचं बटण सरळ कंपनीकडे जात नाही. मधे आमचाच एक छोटा पत्ता असतो. त्याला दार म्हणू. बटण दाराशी नेतं, दार पुढे कंपनीकडे. कंपनीने तिचा पत्ता बदलला तर शेकडो पानं उघडावी लागत नाहीत, एक दार बदललं की झालं. मी कंपन्यांची यादी केली, आणि पानं साफ झाल्यावर यादीबरहुकूम रुबीनाने एकेक दार बंद केलं. सगळ्या नावांपुढे खूण झाली. आम्ही अर्ज पाठवला.

मंजुरीच्या आधी मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर. त्यांची सकाळ, आमचे संध्याकाळचे आठ. सरांनी तयारी करून घेतली. "हँकचं विचारलंच तर तो आपला सल्लागार होता, तब्येतीमुळे बाजूला झाला. बोलायचं मी. तू फक्त मान हलवायची." मान हलवणं मला जमण्यासारखं होतं.

पलीकडे राज्याच्या तपास अधिकारी होत्या. पिकलेले आखूड केस, समोर कॉफीचा मोठा मग, आवाजात कसलीही घाई नाही. त्यांनी कंपनीबद्दल विचारलं, करांबद्दल विचारलं, सरांनी छान उत्तरं दिली. पाऊण तासाने त्या म्हणाल्या, "मी कामाचा भाग म्हणून तुमचा हँक वाचकांना मेलने पाठवतो ती वार्तापत्रं बरीच वर्षं वाचते आहे. त्यातलं एक जुनं उघडते." त्यांनी आपली स्क्रीन आम्हाला दाखवली. हँकचं तीन वर्षांपूर्वीचं पत्र. त्यातलं बटण त्यांनी दाबलं आणि पडदाभर पोकरचं हिरवं टेबल उघडलं.

ती तीच कंपनी होती, जिच्या तक्रारी आल्या होत्या. ती आम्ही पूर्वीच पानांवरून काढली होती, म्हणून माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं. आमच्या लेखी ती संपली होती. तिचं दार बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लोकांच्या मेलमध्ये पडून असलेल्या जुन्या पत्रांतून ते दार इतकी वर्षं उघडं होतं. शेजारच्या टेबलावरून रुबीनाचा मोबाइलवर मेसेज आला, एकच शब्द: मेलो.

"हे आज चालू आहे," बाई म्हणाल्या.

सर म्हणाले, "ही एक तांत्रिक—"

"ही चूक माझी आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला स्पीकरमधून ऐकल्यासारखा वाटला. "यादी मी केली होती." आणि दाराची गोष्ट मी त्यांना समजावून सांगितली, यादीत नाव का नव्हतं तेही. ती कंपनी आम्ही का काढली होती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तेही सांगितलं.

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि हँक कोण?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "हँक आमचे—"

"हँक मी आहे."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"हो. सात वर्षं."

"कॅसिनोत काम केलंय?"

"मी कॅसिनो बघितलेला नाही."

"पोकर येतो?"

"हो. शनिवारी ऑफिसात खेळतो. राजम्याच्या दाण्यांवर."

"कोण जिंकतं?"

"रुबीना."

"म्हणजे गुडघा वगैरे काही नाही."

"नाही."

"कुत्रा?"

"तोही नाही."

त्यांनी कॉफीचा मग उचलून एक घोट घेतला. "कुत्र्याचं मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या, आणि कॉल संपवला.

सर माझ्याकडे वळले. "केतकी, मान हलवायची होती फक्त."

"हो सर."

"एवढ्या वर्षांत मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलं नाहीस. आणि उघडलंस ते हे सांगायला." ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, घरी गेले. वीस मिनिटांनी नऊ जणांचे वडापाव घेऊन आले आणि म्हणाले, "खा. पाचातले तीन महिने गेलेत. उरलेल्या दोनात उपाशी राहायला वेळ आहे."

ते दोन महिने मी रोज सकाळी सगळ्यात आधी ऑफिसात येऊन मेल बघायचे. कुणी मला दोष दिला नाही, तेच जड होतं. रुबीनाने बायोडेटा तयार केला आणि माझाही करून दिला. त्यात कामाचा अनुभव म्हणून काय लिहायचं यावर आम्ही दोघी अडलो.

पत्र आलं तेव्हा पाचवा महिना संपायला नऊ दिवस होते. सरांनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं. नोंदणी मंजूर, अटींसह. प्रत्येक दार बंद केल्याचा पुरावा द्यायचा. हँकचं नाव आणि फोटो सगळीकडून काढायचा. हँक हा माणूस अस्तित्वात नव्हता, हे वाचकांना स्पष्ट सांगायचं. आणि यापुढे प्रत्येक पानावर ते लिहिणाऱ्याचं खरं नाव. "मंजूर" शब्दालाच रुबीनाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पुढच्या अटी मी नाकावरून उडालेला चष्मा शोधत ऐकल्या.

वाचकांना सांगणारी ती सूचना मला लिहायची होती. दोन परिच्छेदांना चार दिवस लागले. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. काहींनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासून संशय होता. शिवणयंत्रवाल्या गृहस्थांनी एकच ओळ पाठवली: मग मला तीन राण्या कुणी वाटल्या?

राज्य उघडलं त्या संध्याकाळी ऑफिसात नऊच्या नऊ जण आणि तिघांच्या घरचे होते. घड्याळात सात वाजले, रुबीनाने बटण दाबलं आणि नवीन पान लोकांना दिसू लागलं. वर माझं पूर्ण नाव, खाली नोंदणी क्रमांक. फोटो द्यायची अट नव्हती, म्हणून मी तो दिला नाही. मोठ्या स्क्रीनवरच्या नकाशावर ठिपके उमटू लागले, एकेक ठिपका म्हणजे आमचं पान वाचणारा एकेक माणूस. बघता बघता ते राज्य ठिपक्यांनी भरून गेलं. सर खुर्चीवर चढून मोजत होते. मला हसू आवरत नव्हतं.

तासाभरात आमचं पान सहाव्या नंबरवर गेलं. लायसन आल्यावर रस्ता सरळ होतो, आणि सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्याही येतात. आजवर या कामाला हात न लावणाऱ्या तिथल्या मोठमोठ्या प्रसारमाध्यमांनी लायसन घेऊन आपली पानं उघडली होती. कटातला वाटा गेला, एकदाची रक्कम आली, म्हणजे आता रोज नवीन माणूस शोधायचा. जे लायसन न घेता थांबले होते त्यांतल्या एकाला नोटीस आली आणि त्याने गाशा गुंडाळला. आम्ही सहाव्यावरून चौथ्यावर आलो आणि तिथे आहोत. नऊ जणांचं भागतं. पूर्वीइतकं नाही.

उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने पहिला मेल आला. त्यात खाली कुणाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं: इथे खरा माणूस आहे का? असेल तर मला सांगा, मी स्वतःला सगळीकडून बंद कसं करून घेऊ? एका साइटवर खातं बंद केलं की दुसरीवर उघडतो. बायकोला अजून माहीत नाही.

असे मेल हँकलाही यायचे. तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या परदेशी साइटवर असं एकदम बंद होण्याची सोयच नव्हती. हँक म्हणायचा, थोडे दिवस विश्रांती घे मित्रा. आता राज्याचा एक फॉर्म आहे. तो भरला की लायसन असलेल्या एकाही साइटवर त्या माणसाला खेळता येत नाही.

रुबीना वाकून वाचत होती. "हेल्पलाइनचा तयार मजकूर आहे ना, तो पाठव. नियमात तेवढंच आहे."

मी तो चिकटवला. मग तो फॉर्म स्वतः उघडून बघितला. सात पायऱ्या होत्या. चौथ्या पायरीवर ओळखपत्राचा फोटो मागत होते आणि तिथली सूचना इतकी वाईट लिहिली होती की आधीच घाबरलेला माणूस तिथूनच परत गेला असता. मी तयार मजकूर खाली ठेवला आणि वर पहिली ओळ लिहिली: हो, आहे. माझं नाव केतकी, मी भारतात नाशिकला असते. मग पहिल्या तीन पायऱ्या लिहिल्या, आणि चौथी त्याला नीट कळेल अशी लिहायला घेतली.